महाग शहर, स्वस्त गाव : जागा बदलण्यापूर्वीचा हिशेब

मुंबईत आता राहणे परवडत नाही, त्यापेक्षा मालेगाव किंवा भिवंडीला गेलेले बरे, असे बोलणे आपल्या कारागीर बांधवांत आज सर्रास ऐकू येते. उलट मालेगावात माग चार दिवस बंद पडले की तेथील तरुण म्हणतो, येथे काय ठेवले आहे, मुंबईला जातो. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही हिशेबाची एकच बाजू पाहिलेली असते. मुंबईचा माणूस फक्त किराया पाहतो आणि मालेगावचा माणूस फक्त मजुरी पाहतो. वहीची जमा आणि नावे ही दोन्ही पाने समोरासमोर ठेवून पाहणारे फार थोडे.

जागा बदलणे हा दुकानातला माल बदलण्यासारखा व्यवहार नाही. माल खपला नाही तर पुढच्या सीझनला दुसरा आणता येतो. मुंबईतली खोली एकदा सोडली की त्याच मोहल्ल्यात, त्याच पैशात ती पुन्हा मिळत नाही. मुलाची शाळा एकदा तुटली की ती जोडायला वर्ष जाते. म्हणून या पाठात हा हिशेब कसा मांडावा ते पायरीपायरीने पाहू. मी कापडाचा व्यापारी आहे. मालेगाव, भिवंडी आणि मुंबई या तिन्ही बाजारांत माझे जाणे-येणे आहे. म्हणून उदाहरणे त्याच धंद्यातली घेतली आहेत. शिंपी, बॅगवाला, जरीवाला, सुतार, गॅरेजवाला यांनी त्यात आपापले आकडे घालावेत.

१. आधी थोडा इतिहास

रोजीसाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील अनेक मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि आग्रा रोडवरच्या मालेगाव, धुळे, भिवंडी अशा गावांत स्थायिक झाली. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण हातात हुनर होता आणि तो बरोबर नेता येण्यासारखा होता. नव्या गावात त्यांनी दुसऱ्याकडे नोकरी शोधण्याऐवजी आपलाच माग लावला. पुढे हातमागाचा यंत्रमाग झाला आणि त्या गावांची ओळखच कापडाची झाली.

दुसरी घटना १८ जानेवारी १९८२ ची. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चाललाच नाहीत आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांकडे वळले. मात्र गिरणी कामगार त्या कामामागे मोठ्या संख्येने गेला नाही. कारण काम तिकडे गेले, पण गिरणीचा पगार, फंड आणि सवलती तिकडे गेल्या नाहीत.

या दोन घटनांतून पहिला धडा मिळतो. जागा बदलताना आपले काम आपल्याबरोबर येते की मागे राहते, हा प्रश्न किरायाच्या आधी विचारावा. विणकरांचे काम त्यांच्याबरोबर आले, म्हणून ते तगले. गिरणी कामगाराचे काम गिरणीच्या भिंतीला बांधलेले होते.

२. शहर महाग म्हणजे नेमके काय महाग?

घरखर्चाचे दोन भाग करा. पहिल्या भागात जागेमुळे होणारा खर्च लिहा : किराया, डिपॉझिट, दलाली, जाण्या-येण्याचा खर्च, दुकानाचा किंवा कारखान्याचा गाळा. दुसऱ्या भागात पोटाचा खर्च : धान्य, तेल, गॅस, दूध, कपडे, औषध.

लहान गावात गेल्यावर पहिला भाग खूप खाली येतो. मुंबईच्या एका खोलीच्या किरायात मालेगावात अंगणासह घर मिळू शकते. पण दुसरा भाग तितका उतरत नाही. गॅसची टाकी, तेलाचा डबा, तूरडाळ आणि औषधाची गोळी यांचा भाव मुंबईत आणि मालेगावात जवळपास सारखाच असतो. भाजी, दूध थोडे स्वस्त पडते, एवढेच. त्यामुळे ‘तिकडे अर्ध्या खर्चात भागते’ असे कोणी सांगितले तर त्याला विचारावे की कोणता खर्च अर्धा? किराया अर्ध्याहूनही खाली येईल, पण ताटातला खर्च अर्धा होणार नाही.

आणि मजुरी? ती बहुधा किरायाच्या बाजूने झुकते. जेथे जागा स्वस्त तेथे मजुरीही कमी, हा बाजाराचा कायदाच आहे. म्हणून खर्च किती घटला हे पाहून भागत नाही, मिळकत त्याहून अधिक घटली का हे पाहावे लागते.

३. एका कारागिराचा नमुना हिशेब

खालील आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते कोणाच्या घरचे नाहीत. वाचकांनी आपले आकडे घालावेत, रीत तीच ठेवावी.

समजा एक शिलाई कारागीर मुंबईत रेडीमेडच्या कारखान्यात नगावर काम करतो. घरात पाच माणसे. काम असलेल्या महिन्यात त्याला २४,००० रुपये मिळतात आणि वर्षात ११ महिने काम असते. पत्नी घरी फॉल-पिकोचे काम करून महिन्याला ३,००० मिळवते, तेही ११ महिने. वर्षाची मिळकत : २,६४,००० आणि ३३,०००, एकूण २,९७,०००.

महिन्याचा खर्च : किराया ९,०००, वीज-पाणी १,३००, जेवण व गॅस ९,५००, प्रवास ८००, शाळा-शिकवणी १,८००, औषध ६००. एकूण २३,०००, म्हणजे वर्षाला २,७६,०००. करार बदलताना दलाली ९,००० आणि गावी जाणे-येणे १०,०००. सर्व मिळून २,९५,०००. वर्षअखेर हातात उरले २,०००. याचाच अर्थ काही उरले नाही. माणूस वैतागून म्हणतो, चला मालेगावला.

आता तोच माणूस मालेगावात स्थानिक कारखान्यात बसला असे धरू. मजुरी १५,०००, काम १० महिने. पत्नीचे काम महिन्याला १,५००, तेही १० महिने. वर्षाची मिळकत १,६५,०००. महिन्याचा खर्च : किराया ३,०००, वीज-पाणी १,०००, जेवण व गॅस ८,०००, प्रवास ३००, शाळा १,०००, औषध ६००. एकूण १३,९००, वर्षाला १,६६,८००. एखाद्या दुखण्यासाठी नाशिक किंवा मुंबईला जाणे धरून आणखी ६,०००. वर्षाचा खर्च १,७२,८००. वर्षअखेर तूट ७,८००.

पाहा, किराया एकतृतीयांश झाला तरी घर तुटीत गेले. कारण खर्च सव्वा लाखाच्या आसपास घटला, पण मिळकत त्याहून जास्त घटली.

आता तिसरा प्रकार. हाच कारागीर मुंबईच्या आपल्या जुन्या शेठशी बोलून कटिंग केलेला माल मालेगावात आणतो, दोन मशीनवर शिवून परत पाठवतो. शेठलाही मुंबईत गाळ्याचा खर्च वाचतो, म्हणून तो स्थानिक मजुरीपेक्षा बरा भाव देतो. समजा महिन्याला १९,००० सुटतात आणि काम ११ महिने : २,०९,०००. पत्नीचे १६,५००. मिळकत २,२५,५००. पार्सल आणि महिन्यातून एक फेरी यांचा खर्च १,५०० प्रमाणे ११ महिन्यांचा १६,५००. तो मिळवून एकूण खर्च १,८९,३००. वर्षअखेर शिल्लक ३६,२००.

गाव तेच, घर तेच, माणूस तोच. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात तो काम मुंबईत सोडून गेला आणि तिसऱ्यात बरोबर घेऊन गेला.

जाण्याचा खर्चही धरावा. टेम्पो आणि हमाली १२,०००, आणि बस्तान बसेपर्यंत तीन महिने मिळकत नाही असे धरून घरखर्च ४१,७००. एकूण ५३,७००. मुंबईत वर्षाला २,००० उरत होते, येथे ३६,२०० उरतात, म्हणजे वर्षाचा फायदा ३४,२००. या हिशेबाने जाण्याचा खर्च भरून निघायला सुमारे १९ महिने लागतील. दीड-दोन वर्षे टिकून राहण्याची तयारी असेल तरच निघावे. सहा महिन्यांत परत फिरणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी नुकसान होते. मुंबईच्या घराचे परत मिळालेले डिपॉझिट ही मिळकत नाही, ते भांडवल आहे. ते घरखर्चात खाऊ नये.

४. आपली रोजी कोणत्या जातीची?

प्रत्येकाचा हिशेब वेगळा येतो, कारण रोजी तीन प्रकारची असते.

पहिली, एका मालकाला बांधलेली रोजी. पगारदार, कारकून, दुकानातील सेल्समन, मागावरचा कामगार. यांचे काम बरोबर नेता येत नाही. नव्या गावात त्यांना नवा मालक शोधावा लागतो. यांनी आधी काम पक्के करावे, मग सामान बांधावे. ‘गेल्यावर पाहू’ हे यांना परवडत नाही.

दुसरी, मोहल्ल्याला बांधलेली रोजी. घरोघरीचा शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा, किराणावाला, इलेक्ट्रिशियन. यांची कमाई त्यांच्या ओळखीत असते. वीस वर्षे एकाच नाक्यावर बसलेल्या शिंप्याकडे गिऱ्हाईक डोळे मिटून कपडा देते. ही ओळख टेम्पोत भरून नेता येत नाही. यांच्यासाठी स्वस्त गाव म्हणजे शून्यापासून सुरुवात. त्यांनी जेथे आधीच आपले नातलग किंवा गाववाले आहेत अशाच जागी जावे, म्हणजे पहिली पन्नास गिऱ्हाइके तरी लवकर मिळतील.

तिसरी, मालाला बांधलेली रोजी. जरीकाम, बॅग, शिलाई, फर्निचरचे सुटे भाग, विणकाम. माल एकीकडे बनतो, विकला दुसरीकडे जातो. महाग शहर सोडण्याचा सर्वाधिक फायदा यांनाच होतो, पण एका अटीवर. शहरातल्या घेणाऱ्याशी संबंध तुटता कामा नये. डिझाइन बदलले, रंग बदलला, हे समोर बसून कळते तसे फोनवर कळत नाही. आता मोबाइलवर नमुन्याचा फोटो मिनिटात येतो हे खरे, पण कपड्याचा पोत फोटोत कळत नाही. महिन्यातून एकदा तरी बाजारात तोंड दाखवलेच पाहिजे.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो. मालेगावात शुक्रवारी माग आणि बाजार बंद, मुंबईच्या कापड बाजाराला रविवारी सुट्टी. दोन्ही गावांत मिळून काम करणाऱ्याला आठवड्यातले पाचच दिवस दोन्हीकडून मिळतात. माल गुरुवारी संध्याकाळपर्यंत निघाला तर शनिवारी मुंबईत हातात पडतो, नाहीतर थेट सोमवार उजाडतो. मुदतीचे काम घेताना हे धरूनच तारीख द्यावी. तारीख चुकली की काम दुसऱ्याकडे जाते.

५. मधला मार्ग : भिवंडी, मुंब्रा, मीरा रोड

बरेच जण म्हणतात, मुंबई सोडायची नाही, फक्त जरा बाहेर राहू. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडकडे गेली. तेव्हा कारण सुरक्षिततेचे होते, आज बहुतेक वेळा किरायाचे आहे. हा मार्ग चांगला आहे, पण त्याचा खर्च पैशात दिसत नाही, वेळेत दिसतो.

नगावर काम करणाऱ्याने वेळेचीही किंमत लावावी. वरील कारागीर महिन्याला २५ दिवस, रोज १० तास काम करून २४,००० मिळवतो. म्हणजे एका तासाचे ९६ रुपये. बाहेर राहायला गेल्याने जाण्या-येण्यात रोज तीन तास जास्त गेले तर महिन्याचे ७५ तास, म्हणजे ७,२०० रुपयांचे काम. किरायात ४,००० वाचले आणि कामाचे ७,२०० गेले, तर हा सौदा घाट्याचा. पगारदार माणसाचा पगार या तीन तासांनी कापला जात नाही, म्हणून त्याला तो परवडू शकतो. पण त्यानेही विचारावे की रात्री दहाला घरी पोहोचणारा बाप मुलांचा अभ्यास कधी घेणार?

भिवंडीचे उदाहरण आणखी एका कारणाने पाहण्यासारखे आहे. मुंबई महापालिकेची जकात चुकावी किंवा माल मुंबईत नेईपर्यंत ती भरावी लागू नये, म्हणून व्यापाऱ्यांनी भिवंडीच्या आसपास गोदामे घेतली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे रिकामी होतील असे पुष्कळांना वाटले. पण ती राहिली आणि वाढली, कारण महामार्ग, जागा आणि शेजारचे मोठे शहर या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. यातून हे शिकावे की एखाद्या गावाचा फायदा फक्त एका कायद्यावर किंवा सवलतीवर उभा असेल तर तो कायद्याबरोबर जाऊ शकतो. रस्ता, पाणी, वीज आणि गिऱ्हाईक यांवर उभा असलेला फायदा टिकतो.

तसेच, होणार असलेल्या गोष्टीवर आज घर उचलू नये. मालेगावला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्टेशन मनमाड. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आणि तो मालेगाववरून जाणार आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मंजुरी मिळणे वेगळे आणि गाडी धावणे वेगळे. गाडी येईल तेव्हा तिचा फायदा घ्यावा, आजचा हिशेब आजच्या एस.टी.वर आणि ट्रान्सपोर्टवर करावा.

६. व्यापाऱ्याचा हिशेब : किराया आणि उधारी

दुकानदार बांधव जागा पाहताना किराया विचारतात, उधारीची मुदत विचारत नाहीत. लहान बाजारात किराया कमी असतो, पण उधारी लांब चालते. समजा महिन्याची विक्री ३ लाख आहे. एका बाजारात पैसे ३० दिवसांत येतात, म्हणजे सुमारे ३ लाख बाजारात अडकलेले राहतात. दुसऱ्या बाजारात ९० दिवस लागतात, म्हणजे ९ लाख अडकतात. दुकानाच्या किरायात महिन्याला २०,००० वाचले तरी आणखी ६ लाखांचे भांडवल आणायचे कोठून? ते नसेल तर माल कमी भरावा लागेल आणि विक्री बसेल. आणि जितकी उधारी लांब, तितकी बुडण्याची भीती मोठी.

येथे एक कायदा माहीत असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ नावाने होते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. मात्र ४५ दिवसांचे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणीचा उपयोग बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच होतो.

जीएसटीबाबत घाबरण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जागा बदलली तर नवा नंबर लागत नाही. त्याच नोंदणीत पत्ता बदलावा किंवा जादा जागा म्हणून जोडावा, आणि बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज करावा. राज्य बदलले, उदाहरणार्थ मुंबईहून सुरतेला गेलात, तर तेथे नवी नोंदणी लागते.

७. पैशात न मोजता येणाऱ्या तीन गोष्टी

दवाखाना : मुंबईत जे. जे., के. ई. एम., नायर आणि परळचे टाटा ही मोठी रुग्णालये आहेत. घरात कोणाला कॅन्सरचा उपचार किंवा डायलिसिस चालू असेल तर किरायाचा हिशेब बाजूला ठेवावा. आधी नव्या गावात तो उपचार कोठे मिळतो, किती दूर आणि कोणत्या सरकारी योजनेत बसतो, हे स्वतः जाऊन पाहावे. साध्या ताप-खोकल्याला लहान गावचे डॉक्टर पुरेसे असतात आणि फीही कमी असते.

शिक्षण : मालेगाव आणि भिवंडी येथे उर्दू शाळा आणि कॉलेजे चांगली आहेत. विशेषतः मुलीचे शिक्षण कॉलेज घरापासून किती दूर आहे यावर पुष्कळ ठरते. जवळ कॉलेज असलेल्या लहान गावात जी मुलगी पदवीपर्यंत जाते, तीच दोन गाड्या बदलून जावे लागणाऱ्या उपनगरात बारावीनंतर घरी बसू शकते. दुसरीकडे, मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर, हिशेबतपासणी, बँक किंवा मोठ्या कंपनीच्या लाइनमध्ये जायचे असेल तर पहिली नोकरी मुंबई-पुण्यात सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून धाकट्यांचा आणि मोठ्यांचा विचार वेगळा करावा. दहावीच्या वर्षात तर घर मुळीच हलवू नये.

म्हातारी माणसे : आई-वडिलांना नव्या जागी करमेल का, मोहल्ल्यात त्यांच्याशी बोलणारे कोणी आहे का, हे त्यांनाच विचारावे. ते ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणतात. ते होकार नसते, मुलाच्या अडचणीची लाज असते.

८. दोन चुलींचा धोका

पुष्कळ घरांत असे ठरते की कुटुंब गावी ठेवू आणि कर्ता पुरुष मुंबईत राहील. कोकणातल्या आणि उत्तरेतल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या असे केले आहे. ठराविक मुदतीसाठी हे ठीक आहे. पण मुदत न ठरवता केले तर दोन चुली पेटतात, दोन किराये जातात आणि जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. मुंबईत एकट्याचे खाणावळीचे जेवण घरच्या जेवणापेक्षा महाग पडते. आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे मुले बापाला पाहुणा समजू लागतात. असे करायचेच असेल तर कागदावर लिहावे : किती महिने, किती रक्कम जमेपर्यंत. ती रक्कम जमली की एका बाजूची चूल विझवावी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने पायी निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले. काम सुरू होताच त्यांतले पुष्कळ परत आले, कारण गावात घर होते, पण रोजी नव्हती. घाईत निघालेल्या माणसाचे पाय पुन्हा रोजीकडेच वळतात. संकटात जीव वाचवायला निघणे वेगळे. ती वेळ नसेल तर शांतपणे, कुटुंबाच्या मशवऱ्याने ठरवावे.

९. कागदपत्रे

मुंबईत खोली पागडीची असेल तर ती घाईने देऊ नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हस्तांतरासाठी भाडेकरूने आणि घरमालकाने रक्कम घेणे मान्य केले आहे, पण घरमालकाच्या संमतीशिवाय, तोंडी सौदा करू नये. दुसरी बाब : वाजवी कारणाशिवाय खोली सलग सहा महिने वापरात नसेल तर त्या कारणावर घरमालक ताब्यासाठी दावा करू शकतो. ‘कुलूप लावून जाऊ, नंतर पाहू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. परस्पर पोटभाडेकरू ठेवणेही धोक्याचे. वकिलाला कागद दाखवूनच पाऊल उचलावे.

नव्या गावात घर भाड्याने घेताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. डिपॉझिट बँकेतून द्यावे किंवा त्याची पावती घ्यावी. ओळखीचा माणूस आहे म्हणून पावती न मागणे ही मुरवत नव्हे, पुढच्या भांडणाचे बीज आहे.

रेशन कार्डाची काळजी पूर्वीइतकी राहिली नाही. आधार जोडलेले असेल तर दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. तरी कायमचे जात असाल तर पत्ता बदलून घ्यावा. फंड कापला जात असेल तर तो काढून खाऊ नये. जुनाच यूएएन क्रमांक नव्या मालकाला द्यावा. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निघण्यापूर्वीच हातात घ्यावेत.

१०. वहीत लिहावयाचे प्रश्न

हा पाठ वाचून झाल्यावर घरातल्या सर्वांनी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उत्तर आकड्यात असेल तेथे आकडाच लिहावा, ‘थोडे’, ‘बरेच’ असे लिहू नये.

• गेल्या बारा महिन्यांत किती महिने पूर्ण काम होते?
• वर्षअखेर हातात किती उरले, आणि कर्ज किती वाढले?
• माझी रोजी मालकाला बांधलेली आहे, मोहल्ल्याला की मालाला?
• नव्या गावात माझ्या कामाची मजुरी किती, हे मी तेथे काम करणाऱ्या किमान तीन माणसांना विचारले आहे का?
• घरातल्या बायकांच्या कमाईचे तेथे काय होईल?
• तीन महिने मिळकत नसेल तर घर चालेल इतकी रक्कम बाजूला आहे का?
• उपचार, शाळा आणि कॉलेज मी स्वतः जाऊन पाहिले आहे का?
• जमले नाही तर परत येण्याची वाट कोणती?

शक्य असेल तर कर्त्या माणसाने आधी एकट्याने दोन महिने, त्यातला एक मंदीचा, नव्या गावी काम करून पाहावे. सीझनमध्ये प्रत्येक बाजार चांगला दिसतो. लग्नसराई किंवा ईदच्या आधीच्या महिन्यात पाहिलेली कमाई वर्षभराची समजू नये. पावसाळ्यात, मंदीच्या दिवसांत त्या गावातला कारागीर काय खातो, ते पाहावे. तीच त्या गावाची खरी मजुरी.

आणि उत्तरे लिहिल्यावर असे दिसले की आहे तेथेच राहणे बरे, तर तेही एक चांगले उत्तर आहे. मग निदान रोजची कुरकुर थांबेल आणि त्याच जागी काम कसे वाढवावे याकडे मन लागेल. जायचे ठरले तर शेठचे कटिंग, गिऱ्हाइकांचे नंबर आणि देणेकऱ्यांचा हिशेब चुकता करून जावे. बाजारात माणसाची पत त्याच्या पत्त्यापेक्षा जास्त दिवस टिकते, आणि नव्या गावी पहिले सहा महिने तीच उपयोगी पडते.